किल्ली कोणाच्या कमरेला

माझे बाबा लालबागच्या एका गिरणीत वर्कशॉपला होते, टर्नर. शाळेला सुट्टी असताना एकदा ते मला आत घेऊन गेले. त्या दिवशी एक जुनी लेथ, म्हणजे धातू फिरवून कातायचं यंत्र, उघडून ठेवली होती, तिचा बेड, खालचा लांब पाया, झिजला होता. बाबांनी सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट केलेल्या लोखंडी पाटावर, बोटानं निळा रंग पातळ फासला, प्लेट बेडवर उलटी ठेवून हलकेच मागेपुढे सरकवली आणि उचलली. बेडवर जिथे जिथे उंचवटा होता तिथे निळे ठिपके उमटले होते. मग स्क्रेपरनं तेवढेच ठिपके खरवडायचे, फडक्यानं पुसायचं, पुन्हा प्लेट, पुन्हा ठिपके. जेवणाच्या सुट्टीपर्यंत जेमतेम वीतभर भाग झाला होता. मी विचारलं, हे मशीनवरच का नाही करत? ते म्हणाले, "अरे, लेथवर लेथचं जवळजवळ सगळं निघतं. स्क्रू निघतो, शाफ्ट निघतो, पुली निघते. पण आपण सरळ आहोत की नाही, हे लेथला कळत नाही. ते बाहेरून कोणीतरी सांगावं लागतं."

वर्कशॉपमध्ये लेथला 'मदर मशीन' म्हणतात ते उगीच नाही. यंत्र घडवणारं यंत्र माणसाच्या हाती येऊन दोनशेहून अधिक वर्षं झाली. त्यापुढची पायरी म्हणजे कोणाचा हात न लागता, स्वतःसारखं दुसरं यंत्र स्वतःच घडवणारं यंत्र. त्या दुसऱ्यानं तिसरं घडवायचं. आज जगातल्या अनेक प्रयोगशाळांत त्या दिशेनं काम चालू आहे. कुठे प्लास्टिक आणि धातूत, कुठे संगणकाच्या आज्ञावलीत, कुठे जिवंत पेशींत. अशी यंत्रं घडवावीत का, यावरची चर्चा मराठीत बहुतेक वेळा दोन टोकांना जाते. एकीकडे जग खाऊन टाकणाऱ्या यंत्रमानवांची भीती, दुसरीकडे 'विज्ञानाला आडकाठी नको' हा ठरलेला मंत्र. मला दोन्ही पटत नाहीत. माझं म्हणणं असं, की अशा यंत्रात स्वतःला कधीच बनवता येणार नाही असा निदान एक भाग असला पाहिजे, आणि तो भाग बनवणाऱ्या कंपनीच्या ताब्यात नसून सार्वजनिक ताब्यात असला पाहिजे. ही अट न पाळणारं काहीही प्रयोगशाळेच्या दाराबाहेर पडता कामा नये.

या विषयाचा पाया जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञानं घातला. 1948 साली पॅसाडेनातल्या एका व्याख्यानात त्यानं तो मांडला आणि पुढची काही वर्षं त्यावर काम केलं. अडचण अशी होती : यंत्राला स्वतःची प्रत काढायची तर आत स्वतःचा आराखडा हवा. पण मग त्या आराखड्यात आराखड्याचाही आराखडा हवा, त्यात आणखी एक, आणि याला अंतच नाही. फॉन नॉयमननं सुचवलेली तोड साधी आहे. आराखडा एकच ठेवायचा, पण दोनदा वापरायचा. एकदा वाचून त्याप्रमाणे यंत्र घडवायचं, आणि दुसऱ्यांदा न वाचता, जसाच्या तसा उतरवून नव्या यंत्राच्या पोटात ठेवायचा. डीएनएची रचना कळली 1953 साली. आपल्या पेशींत हेच दोन व्यवहार चालतात हे त्यानंतर उलगडत गेलं. कागदावर यंत्राचा विचार करताना या माणसाला जिवाची युक्ती सापडली होती. मला हे अजूनही थक्क करतं.

मुंबईशी त्याचं एक नातं आहे आणि ते फारसं कोणी सांगत नाही. फॉन नॉयमननं प्रिन्स्टनला जो संगणक उभा केला, त्याच्या रचनेवर बेतलेलं यंत्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या तरुणांनी इथे, या शहरात, स्वतःच्या हातांनी बांधलं. 1960 साली ते चालू झालं आणि 1962 मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं टिफरॅक. म्हणजे या विचाराच्या मुळाशी असलेली माणसं आणि यंत्रं आपल्याला परकी नाहीत. 'हे तिकडचं आहे, आपल्याला काय त्याचं' हे निदान मुंबईकराच्या तोंडी शोभत नाही.

प्रत्यक्षात आपण कुठवर आलो आहोत? 2005 साली इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी रेपरॅप हा प्रकल्प सुरू केला. स्वतःचे भाग स्वतःच छापणारा थ्रीडी प्रिंटर बनवायचा आणि आराखडा सगळ्यांना फुकट द्यायचा, ही कल्पना. 2008 मध्ये पहिल्या यंत्रानं छापलेल्या भागांतून दुसरं यंत्र उभं राहिलं. हा प्रिंटर आज आपल्याकडे कॉलेजांच्या वर्कशॉपमध्येही दिसतो. मी डिप्लोमाच्या मुलांना शिकवतो. आमच्या मुलांनी तसा एक बांधला तेव्हा कोपरे पकडणारे प्लास्टिकचे कंस आधीच्या प्रिंटरवर छापून झाले, आणि मग एक मुलगा नागदेवी स्ट्रीटला सळ्या नि नट-बोल्ट आणायला गेला, दुसरा लॅमिंग्टन रोडला मोटर आणि सर्किट बोर्ड आणायला. अशा विकत आणाव्या लागणाऱ्या भागांना रेपरॅपवाले 'व्हिटॅमिन' म्हणतात. किती नेमका शब्द आहे हा! आपलं शरीर बरंच काही घडवतं, पण क जीवनसत्त्व घडवू शकत नाही, ते आवळ्यातून, लिंबातून बाहेरूनच यावं लागतं. नाही मिळालं तर हिरड्यांतून रक्त येतं. प्रिंटरचं जीवनसत्त्व लॅमिंग्टन रोडला मिळतं, म्हणून तो आपल्या टेबलावर निमूट बसून राहतो. दुकान बंद झालं की त्याची वंशवेल तिथेच खुंटते.

1980 च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या नासानं एक अभ्यास करवला होता, चंद्रावर पाठवायच्या कारखान्याचा. शंभर टनांचं बीज तिथे उतरवायचं, त्यानं चंद्रावरच्या मातीतून वर्षभरात स्वतःएवढा दुसरा कारखाना उभा करायचा. त्यातही काही भाग पृथ्वीवरूनच पाठवावे लागतील हे गृहीत धरलेलं होतं. धातूच्या यंत्रांची मला म्हणूनच फार भीती वाटत नाही. चिप बनवायला जेवढा कारखाना आणि जेवढी शुद्धता लागते, तेवढी पोटात घेऊन फिरणारं यंत्र नजीकच्या काळात होणारं नाही.

भीती वाटते ती जीवनसत्त्व जागोजागी फुकट सापडेल अशा वस्तूची. त्यासाठी पवई तलावाच्या काठावर जावं. एका बाजूला आयआयटी, जिथे हुशार मुलं यंत्रमानव बांधतात, आणि समोर पाण्यावर जलपर्णी. दक्षिण अमेरिकेतलं हे झाड, फुलं सुंदर म्हणून शोभेसाठी भारतात आणलं गेलं. त्याला मेंदू नाही, हेतू नाही. एक रोप पाण्यावरून आडवी फांदी सोडतं, तिच्या टोकाला तसंच दुसरं रोप धरतं. अनुकूल पाण्यात साधारण दोन आठवड्यांत पसारा दुप्पट होतो. महापालिका यंत्रं लावून काढते, काठावर ओले ढीग पडतात, आणि पुन्हा हिरवा गालिचा. बी तर गाळात वर्षानुवर्षं टिकून राहतं. तिचं खाद्य तिला कोण पुरवतं? आपण. तलावात सोडलेल्या सांडपाण्यातला नत्र आणि स्फुरद हेच तिचं खाद्य, आणि नळ आपल्याच हातात असूनही तो बंद करायला इतकी वर्षं लागत आहेत. यंत्र शहाणं होईल का, आपल्यावर उलटेल का, यावर रात्री जागवणाऱ्यांनी एकदा ही जलपर्णी पाहावी. संकट यायला शहाणपण लागत नाही. न थांबणारी वाढ पुरते.

वाढीच्या नियमात केसाएवढी चूकही पुरते, हे संगणकवाल्यांना 2 नोव्हेंबर 1988 च्या रात्री कळलं. रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानं स्वतःची प्रत काढत जाळ्यातून पसरणारी एक आज्ञावली सोडली. एखाद्या संगणकावर ती आधीच असेल तर पुन्हा बसायचं नाही, एवढी काळजी त्यानं घेतली होती. पण कोणी 'मी आधीच आहे' असं खोटं सांगून तिला चकवेल, म्हणून सातातून एकदा तरीही बसायचं, अशी सूट ठेवली. त्या एका सवलतीनं घात केला. एकाच संगणकावर प्रतींवर प्रती चढत गेल्या आणि हजारो संगणक गुदमरले. नासधूस करावी हा त्याचा हेतूही नव्हता.

आता जिवंत यंत्रांकडे. 2021 मध्ये अमेरिकेतल्या व्हर्मॉंट आणि टफ्ट्स विद्यापीठांतल्या संशोधकांनी बेडकाच्या पेशींपासून घडवलेले झेनोबॉट स्वतःसारखे गोळे तयार करतात हे दाखवून दिलं. आकार संगणकानं शोधून काढलेला, तोंड उघडं असलेल्या वाटोळ्या गोळ्यासारखा. हे गोळे बशीत फिरतात, सुट्या पेशी गोळा करून ढीग करतात आणि तो ढीग काही दिवसांत नवा गोळा होऊन पोहू लागतो. यांच्या जनुकांना कोणी हात लावलेला नाही, आणि मुद्दा नेमका इथे आहे. आपल्याकडे 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली 1989 साली झालेले नियम मुख्यतः घातक सूक्ष्मजीव आणि जनुकीय फेरबदल केलेले जीव व पेशी यांच्याभोवती विणलेले आहेत. कायदा विचारतो, जनुक बदललं का? त्याआधी विचारायला हवं की ही वस्तू आपली प्रत काढते का, आणि काढत असेल तर तिला कशाची गरज लागते. झेनोबॉट आज निरुपद्रवी आहेत, कारण त्यांना सुट्या पेशी माणसानंच आणून द्याव्या लागतात. काही पिढ्यांत ते आपोआप थांबतात. त्यांचं जीवनसत्त्व प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. उद्याच्या वस्तूचं कुठे असेल, हे तपासणारा नियम आजच हवा.

तो 'उद्या' किती गंभीर असू शकतो हे डिसेंबर 2024 मध्ये समोर आलं. जगभरातल्या 38 शास्त्रज्ञांनी 'सायन्स' या नियतकालिकात एकत्र इशारा दिला, आरशातल्या जिवांबद्दल. आपल्या प्रथिनांचे रेणू एका हाताचे असतात, जसं डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात बसत नाही तसे. सगळे रेणू उलट्या हाताचे घेऊन एखादा जिवाणू घडवला तर त्याला ओळखायला आपल्या रोगप्रतिकारशक्तीकडे कुलूपच नसेल, त्याला खाणारे विषाणूही त्याला धरू शकणार नाहीत. असा जिवाणू बनायला निदान दहा वर्षं आहेत, असं ते म्हणतात. तरीही त्यांचं मत स्पष्ट आहे : बनवू नका, त्यासाठी पैसे देऊ नका. या लोकांतले काही जण स्वतःच त्या वाटेवर काम करत होते, आणि थांबले. स्वतःच्या कामाला असा लगाम घालणाऱ्यांना मी मनापासून मानतो. पण जगाची सुरक्षितता काही सज्जनांच्या विवेकावर टांगून ठेवणं हा बंदोबस्त झाला नाही.

मग सगळंच बंद करा, असं मी म्हणेन का? नाही. कारण स्वतःची प्रत काढणारी वस्तू मुद्दाम मोकळी सोडून आपणच एक मोठं काम केलं आहे. पोलिओच्या तोंडावाटे द्यायच्या लसीतले विषाणू कमजोर केलेले, पण जिवंत असतात. बाळाच्या आतड्यात ते वाढतात, शौचातून बाहेर पडतात आणि शेजारच्या, लस न घेतलेल्या बाळापर्यंतही पोचतात. दाटीच्या वस्तीत हा गुण वरदान ठरला. 1995 पासून दर पल्स पोलिओच्या रविवारी शाळेत, अंगणवाडीत टेबल मांडून बसलेल्या ताई आणि करंगळीवर शाईची खूण मिरवणारी पोरं आपण पाहिली आहेत. 2011 च्या जानेवारीत हावड्यात शेवटचा रुग्ण सापडला, 27 मार्च 2014 रोजी भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. पण या नाण्याला दुसरी बाजू आहे. जिथे लसीकरण अर्धवट राहतं तिथे हाच कमजोर विषाणू माणसामाणसांतून फिरत राहतो, बदलत जातो आणि क्वचित पुन्हा पांगळं करण्याइतका बळावतो. म्हणूनच 2016 च्या एप्रिलमध्ये लसीतला दोन नंबरचा प्रकार जगभर काढून टाकला गेला. त्या प्रकाराशी लढायला जी नवी लस पुढे आली, तिच्या विषाणूत मूळ रूपावर परत जाणं कठीण व्हावं असे बदल मुद्दाम घातलेले आहेत. लगाम असा आतच शिवता येतो, हे तिनं दाखवून दिलं.

लस सोडून आपण घरी जाऊन झोपलो नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. 2001 साली भारतात पहिल्यांदा सांडपाण्यात पोलिओचा विषाणू शोधायची पद्धत सुरू झाली ती मुंबईत. परळच्या हाफकिनच्या आवारातल्या प्रयोगशाळेत ते नमुने तपासले जातात. जागा किती बोलकी आहे! 1896 च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग उघडकीला आला. हाफकिन या शास्त्रज्ञानं मुंबईतच त्यावर लस बनवली, 1897 च्या जानेवारीत आधी स्वतःला टोचून घेतली, आणि 1899 पासून त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात आली. सरकारनं काय केलं? रोग हाताबाहेर गेल्यावर, फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा आणला, आणि तो दारं फोडणाऱ्या शिपायांच्या रूपानं लोकांच्या घरात शिरला. पुण्यात त्याचा शेवट कशात झाला ते मराठी वाचकाला सांगायला नको. उशिरा आलेला कायदा बहुधा काठी घेऊनच येतो, कारण तोवर समजावून सांगायला वेळ उरलेला नसतो. म्हणून माझा आग्रह आहे तो आधीच्या, शांत काळातल्या नियमाचा.

इथे एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. विदर्भातला कापूस पिकवणारा शेतकरी मला विचारील : यंत्राला बाहेरचा भाग लागलाच पाहिजे म्हणता, म्हणजे दर वेळी कंपनीच्या दारात जा, हेच ना? त्याचं दुखणं तो जाणतो. बी ही मुळातच स्वतःची प्रत काढणारी वस्तू. आज्यापणज्यांनी मडक्यात, कणगीत राखून ठेवलेली. 2002 मध्ये बीटी कापूस आला तो संकरित वाणांत, आणि संकरिताचं घरचं बी पुढच्या पिढीत तसं उतरत नाही, म्हणून दर हंगामाला पाकीट विकत घेणं आलं. 1998 मध्ये अमेरिकेत तर उगवणारच नाही असं बी तयार करण्याच्या युक्तीला पेटंट मिळालं. टर्मिनेटर बियाणं या नावानं ते आपल्याकडेही गाजलं. लगाम तिथेही होता, पण विकणाऱ्याच्या मुठीत.

बाहेरचा भाग हवा ही अट म्हणून अर्धी आहे. किल्ली कोणाच्या कमरेला, हे ठरवल्याशिवाय ती सुरक्षितता नव्हे, सावकारी होते. गिरण्यांत माझ्या वडिलांच्या पिढीनं हे भोगलं. यंत्रं चालवणारे हात त्यांचे होते, यंत्रं बंद करायचा अधिकार दुसऱ्याचा. 1982 च्या संपानंतर दारं बंद झाली तेव्हा लाखांवर माणसांना कोणी विचारलं नाही. उद्या स्वतःच वाढणारे कारखाने आले आणि त्यांची एकुलती एक किल्ली एका कंपनीच्या तिजोरीत राहिली, तर अख्ख्या जगाचं गिरणगाव व्हायला वेळ लागणार नाही. बियाण्यांच्या बाबतीत आपण निदान कागदावर शहाणपण दाखवलं. 2001 च्या कायद्यानं शेतकऱ्याचा बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क मान्य केला आणि टर्मिनेटरसारखं तंत्र असलेल्या वाणांची नोंदणी नाकारली. तो धागा पुढे न्यायला हवा.

मला हवं आहे ते असं. स्वतःची प्रत काढणारी कुठलीही वस्तू, मग ती प्लास्टिकची असो, पेशींची असो की आज्ञावली असो, बाहेर सोडण्याआधी ती ओळखण्याची चाचणी तयार असली पाहिजे आणि सार्वजनिक प्रयोगशाळेच्या हाती दिलेली असली पाहिजे. आधी चाचणी, मग वस्तू. तिला न बनवता येणारा भाग कोणता, हे जाहीर असावं आणि तो पुरवण्या-रोखण्याचा अधिकार सरकारी पण स्वायत्त संस्थेकडे असावा. पाळत ठेवण्याचा खर्च बनवणाऱ्यानं द्यावा, तोही आगाऊ. आणि सुनावणी उघड्यावर व्हावी, लोकांच्या भाषेत. हे अशक्य नाही. 2010 मध्ये बीटी वांग्याच्या वेळी पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, त्यातली एक नागपूरला झाली, आणि त्यानंतर त्या वांग्याला स्थगिती दिली. निर्णय कोणाला पटो न पटो, शेतकरी आणि शास्त्रज्ञ एका मांडवाखाली बोलले.

'आपण थांबलो तर चीन, अमेरिका थांबणार का?' हे मला वर्गात मुलं विचारतात. थांबणार नाहीत कदाचित. प्लेगही हाँगकाँगकडून जहाजानं आला असं मानतात, बंदरावर त्याला परवाना कोणी विचारला नव्हता. आपलं बंदर, आपला विमानतळ, आपली केबल समुद्रातून जिथे वर येते ती जागा, हे सगळं मुंबईत आहे. दुसरा थांबो न थांबो, आपल्या दारात काय आलं हे ओळखण्याची तयारी आपलीच असावी लागते.

ती तयारी कशी दिसते हे मी एकदा पाहिलं आहे. पहाटेची वेळ, उपनगरातल्या एका सांडपाण्याच्या पंपिंग स्टेशनवर हातमोजे घातलेला एक माणूस. त्यानं दोरीला बांधलेलं डबडं खाली सोडलं, काळं पाणी वर ओढलं, लिटरभर बाटलीत ओतलं. झाकण घट्ट केलं, वर पट्टी चिकटवली, पेननं तारीख आणि वेळ लिहिली. बाटली बर्फाच्या पेटीत ठेवली. वासानं मला उभं राहवत नव्हतं. त्याला विचारलं, रोज येता का? म्हणाला, "ठरलेल्या वारी. मिळत काही नाही बहुतेक वेळा." पेटी उचलून तो परळकडे निघाला.